नातवंडं आली म्हणून आजार रजेवर जात नाही

जानेवारीचा पहिला आठवडा. पहाटेचे साडेचार. दवाखान्याच्या दाराशी गाडी थांबली आणि दोघाजणांनी एका निवृत्त गुरुजींना जवळजवळ उचलूनच आत आणलं. वय ७४. ओठ निळसर, कपाळावर घाम, एका दमात तीन शब्दांच्या वर बोलता येत नाही. आडवं करायला गेलो तर मला ढकलून उठून बसले. पायांवर सूज, बोट दाबलं की खड्डा. श्वासातली बुडबुड तर छातीला नळी न लावताच ऐकू येत होती. हृदय आधीच कमजोर, त्यात आता फुप्फुसात पाणी साठलेलं.

इंजेक्शनं, ऑक्सिजन, मग रुग्णवाहिका आणि पाच दिवस अतिदक्षता विभाग. गुरुजी वाचले. तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा विचारलं, "लघवीची गोळी चालू होती ना?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "नातवंडं आली होती."

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण उत्तर त्यातच होतं. मुलगा, सून आणि दोन नातवंडं न्यू जर्सीहून अठरा दिवसांसाठी आली होती. महाबळेश्वर झालं, सज्जनगड झाला, सांगलीचा गणपती झाला, नरसोबाची वाडी झाली. गोळी घेतली की तासातासाला लघवीला लागते. "सारखी गाडी थांबवायला लावायची का? पोरं काय म्हणतील?" म्हणून गुरुजींनी गोळी बंद केली. एक-दोन दिवस नव्हे, बारा दिवस.

शेवटच्या चार रात्री ते बसून झोपत होते. ९ वर्षांच्या नातीच्या ते लक्षात आलं. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "आजोबा रात्री बसून का झोपतात?" गुरुजी म्हणाले, "ध्यान करतो गं बाळा." सगळे हसले. आईने तर तिला सांगितलं, बघ, तुझे आजोबा या वयातही ध्यान करतात!

मुलाला बातमी कळली ती विमान उतरल्यावर. त्याचा फोन आला. आवाज कापत होता, पण पहिलं वाक्य हे होतं: "डॉक्टर, असं कसं झालं? आल्याआल्या आम्ही दोघांचं फुल बॉडी चेकअप केलं होतं. सगळं नॉर्मल होतं!"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गोष्ट बदललेली नाही.)

वाचकहो, ही गोष्ट मी एकदाच पाहिलेली नाही. माझा दवाखाना सातारा आणि सांगलीच्या मध्ये, येणारे पेशंट दोन्ही जिल्ह्यांचे. दर जानेवारीत माझ्याकडे एक वेगळीच साथ येते. तिचा जंतू कुठल्याही पुस्तकात नाही. नातवंडं परत गेली की तीन-चार दिवसांत आजी-आजोबा येऊ लागतात: कुणाची साखर ४०० वर, कुणाचं ब्लड प्रेशर गगनाला, कुणाच्या पायाची जखम चिघळलेली, कुणाला आठवडाभर अंगावर काढलेला न्यूमोनिया. आणि सगळ्यांचं एकच वाक्य: "पोरं होती ना घरात, म्हटलं ती गेली की दाखवू."

या वाक्याशी माझं भांडण आहे. आज ते मी मोकळेपणाने भांडणार आहे. तुमच्याशी, तुमच्या मुलांशी आणि माझ्या व्यवसायाशीही.

घर सजतं, घरमालक गळतो

नोव्हेंबर उजाडला की आमच्या भागात लगबग सुरू होते. परदेशातली मुलं नाताळच्या सुट्टीत येणार. परदेशच कशाला? विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली कुटुंबं सोनं-चांदी शुद्ध करायच्या कामासाठी देशभर पांगलेली आहेत. त्यांची नातवंडं तमिळ, मल्याळी, बंगाली बोलत दिवाळीला नाहीतर गावच्या जत्रेला येतात. अंतर कमी-जास्त असेल, आजीच्या डोळ्यांतलं पाणी तेच.

मग घराला रंग, नवा गीझर, बाथरूममध्ये कमोड, खिडक्यांना जाळ्या, गाद्यांना ऊन. बेसनाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, मोती चौकातले कंदी पेढे, सांगलीचं भडंग. संक्रांत चौदा तारखेला, पण पाहुणे दोन तारखेलाच जाणार, म्हणून तिळगूळ डिसेंबरातच. सगळ्या घराची डागडुजी होते. फक्त घरमालकाची होत नाही. हर्नियाचं ऑपरेशन "पोरं गेल्यावर". मोतीबिंदू "पोरं गेल्यावर". छातीत जिना चढताना धरतं, तेही "पोरं गेल्यावर".

नातवंडांना आपण दुधावरची साय म्हणतो. खरंच आहे. पण दूध आणि साय दोन्ही ज्यात राहतं ते पातेलं गळायला लागलं, तर सायीचं कौतुक किती वेळ करणार?

थंडी पाहुणी म्हणून येत नाही

तुमच्या शरीराला नाताळची सुट्टी कळत नाही, पण थंडी मात्र कळते. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आत राखण्यासाठी. नळी अरुंद झाली की दाब वाढतो. म्हणून तीच गोळी घेऊनही अनेकांचं ब्लड प्रेशर हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा जास्त भरतं. हृदयाचे झटके आणि पक्षाघात हिवाळ्यात वाढतात, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

त्यात सणाची भर. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या सुमारे २ लाख ८३ हजार हृदयविकाराच्या झटक्यांचा अभ्यास झाला. तो २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. नाताळच्या आदल्या दिवशी झटक्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा ३७ टक्क्यांनी जास्त होतं, आणि सर्वांत जास्त रात्री दहाच्या सुमारास. हा वाढीव धोका कुणाला अधिक? पंचाहत्तरीच्या पुढच्यांना, मधुमेहींना, आधीच हृदयविकार असलेल्यांना. म्हणजे जे त्या रात्री घरातले आजी-आजोबा असतात, त्यांनाच. अमेरिकेतल्या १९७३ ते २००१ च्या मृत्यूंच्या नोंदींतही नाताळ आणि नववर्षाच्या आसपास हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले दिसले. संशोधकांनी मांडलेल्या शक्यतांपैकी एक फार ओळखीची आहे: सणाच्या दिवसांत माणसं दवाखान्यात जायचं पुढे ढकलतात.

ही सवय फक्त आपली नाही, हे कळून मला अजिबात बरं वाटलं नाही. सगळं जग चुकतं म्हणून चूक लहान होत नाही.

आणखी एक. आमच्याकडे याच दिवसांत उसाचा हंगाम जोरात असतो. पाचट पेटतं, गुऱ्हाळं धुरावतात, नातवंडांना हुरडा दाखवायला शेकोटी पेटते. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आजीची फुप्फुसं विडीला न शिवताही खराब झालेली असू शकतात. तिला हा धूर महागात पडतो. खोकून खोकून बेजार होते आणि म्हणते, "थंडीचा आहे."

चार लपवाछपव्या

पहिली गोळ्यांची. लघवीची गोळी प्रवासासाठी बंद, साखरेची गोळी "आज जेवण उशिरा आहे" म्हणून बंद, आणि कधी याच्या बरोबर उलट: गोळी घेतली पण जेवणच झालं नाही. रात्री अकराला मुंबईच्या विमानतळावर पोहोचायचं म्हणून दुपारी सांगलीहून निघालात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात आणि वर फक्त दोन कप चहा. वाटेत घाम सुटला, हातपाय थरथरले, बोलणं बरळल्यासारखं झालं. घरचे म्हणतात, मुलं येणार म्हणून आजी भावूक झाल्यात. आजी भावूक नसतात, त्यांची साखर ५० वर आलेली असते. अशा वेळी शुद्धीवर असतील तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

दुसरी ताटातली. "गूळ आहे हो, साखर नाही." गुळात मुख्यत्वे तीच साखर असते. लोह आणि खनिजं असतात, पण चवीपुरती. रक्तातली साखर वाढवण्यात गूळ अजिबात मागे राहत नाही. एक तिळाची वडी नातवासोबत खा, मी आड येणार नाही. पण अठरा दिवस रोज पाहुणचाराचं जेवण, वर रोज एक गोड, आणि चालायला जाणं बंद, हा हिशेब शरीर विसरत नाही.

तिसरी दुखण्याची. हृदयाचा झटका म्हणजे सिनेमातल्यासारखा छातीवर हात ठेवून कोसळणं, असा आपला समज. म्हातारपणी, मधुमेहात आणि बायकांमध्ये तो बऱ्याचदा वेगळ्या वेशात येतो: एकदम दम लागतो, दरदरून घाम येतो, जबडा किंवा पोटाचा वरचा भाग दुखतो, नुसतीच प्रचंड गळून गेल्यासारखी अवस्था होते. "हुरडा बाधला," "अ‍ॅसिडिटी आहे," असं म्हणत ओवा चावला जातो. हृदयाचा स्नायू एकदा मेला की परत येत नाही. पहिले एक-दोन तास सोन्याचे. ते ओव्यावर घालवू नका. १०८ ला फोन करा.

चौथी कानांची, आणि ही सर्वांत दुर्लक्षित. नातू काहीतरी बोलतो, आजोबा हसून मान हलवतात. मुलगा म्हणतो, "त्याचं इंग्रजी बाबांना कळत नाही." मला विचाराल तर निम्म्या वेळा प्रश्न भाषेचा नसतोच, कानाचा असतो. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि लहान मुलांचा आवाज उंच पट्टीतच असतो. म्हणजे सगळ्यांत आधी जे ऐकू येईनासं होतं, ते नातवाचं बोलणं! वर्ष-दोन वर्षं वाट पाहिली आणि तो आल्यावर नुसती मान हलवली. उपचार न केलेला बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटक आहे, असं 'लॅन्सेट' आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ च्या अहवालांत सांगितलं आहे. चष्म्याची लाज वाटत नाही, मग कानाच्या यंत्राचीच का वाटावी? एक कान तपासणी, कधी नुसता मळ काढणं, कधी यंत्र. पाहुण्यांसाठी गीझर घेतलात ना?

आता मुलांकडे वळतो

परदेशातून किंवा बंगळुरूहून हे वाचणाऱ्या मुला-मुलींनो, तुमच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण तुम्ही ते प्रेम पॅकेजमध्ये विकत घेता, याबद्दल तक्रार आहे.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी आई-बाबांना उपाशीपोटी लॅबमध्ये नेता. शंभरभर तपासण्या, रंगीत फाइल, लाल अक्षरात दोन-चार आकडे. त्या आकड्यांवरून तुमची सुट्टी काळजीत जाते, आणि बाकीचे आकडे काळे आहेत म्हणून तुम्ही निर्धास्त होता. दोन्ही चूक. अशा सरसकट तपासण्यांनी आयुष्य वाढतं का, हे अडीच लाखांहून अधिक माणसांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून 'कॉक्रेन'ने तपासलं. २०१९ च्या त्या आढाव्याचं उत्तर थोडक्यात असं: मृत्यूच्या प्रमाणात फरक पडत नाही. हे प्रयोग सर्वसाधारण प्रौढांवरचे होते. ज्यांना आधीच मधुमेह, किडनीचा किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांच्या नेहमीच्या तपासण्या वेगळ्या, आणि त्या करायलाच हव्यात. पण त्या आजार बघून ठरतात, पॅकेजच्या सवलतीवरून नाही. कॅन्सरचे मार्कर म्हणून जे आकडे या पॅकेजात घुसडतात, त्यांचं तर विचारूच नका. काहीही त्रास नसलेल्या आजीचा एखादा मार्कर जरासा वाढलेला येतो, मग स्कॅन, मग मोठा स्कॅन, आणि पंधरा दिवसांचं सुतक. शेवटी निघत काहीच नाही.

गुरुजींच्या फाइलमध्ये सगळं नॉर्मल होतं, कारण रक्त घेतलं त्या दिवशी ते खरंच बरे होते. गोळी बंद झाली त्यानंतर. पायावरची सूज फाइलमध्ये येत नाही. ती दिसायला पायाकडे बघावं लागतं. आणि घरात एकच माणूस बघत होतं, वय वर्षं ९.

तुम्ही वर्षभर आई-बाबांना मोबाइलच्या चौकटीत बघता. त्या चौकटीत पाय दिसत नाहीत, चाल दिसत नाही, ताट दिसत नाही. प्रत्यक्ष भेटीचं मोल हेच. तेव्हा लॅबमध्ये जायच्या आधी चार दिवस नुसतं बघा.

बाबा खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठतात का? खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत येऊन बसायला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे. नातवंडांसोबत शर्यत म्हणून लावा, कुणाला परीक्षा वाटणार नाही.

आईच्या बांगड्या हातातून निसटतात का, ब्लाउज सैल झालेत का? प्रयत्न न करता सहा महिने-वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी उतरलं असेल, तर त्याचं कारण शोधायला हवं.

तोच प्रश्न तासाभरात तिसऱ्यांदा येतो का? विजेचं बिल भरायचं राहिलंय का? नेहमीची आमटी बिघडते का? रात्री किती उशा लागतात? लघवीला किती वेळा उठतात आणि त्या वाटेवर उजेड आहे का?

आणि शेवटचं. गोळ्यांचा डबा समोर घेऊन बसा. कोणती गोळी कशासाठी, कधी, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. फोटो तुमच्या मोबाइलमध्ये, एक प्रत आईच्या पर्समध्ये. हे काम तासाभराचं, आणि कुठल्याही पॅकेजपेक्षा जास्त उपयोगाचं.

हा डबा नंतर नातवंडांच्या हाताला लागणार नाही इतका उंच ठेवा, कुलपात ठेवलात तर उत्तम. आपल्याकडे गोळ्या स्टीलच्या डब्यात, देव्हाऱ्याशेजारी, नाहीतर उशाखाली सुट्या असतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाला त्या गोळ्या आणि साखरफुटाणे सारखेच. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी एक गोळी गिळली तरी त्याची साखर जीवघेणी खाली जाऊ शकते, आणि तेही काही तासांनी, मूल खेळत असताना. एक जरी गोळी खाल्ल्याची शंका आली, तर "बघू थोडा वेळ" नाही. लगेच हॉस्पिटल, आणि ती स्ट्रिप सोबत.

आणि आम्ही डॉक्टर

आमचाही हिशेब चुकता करतो. "डॉक्टर, मुलांना काही सांगू नका हं," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. बहुतेक वेळा मी मान डोलावली. सोपं असतं ते. पेशंट खूश, वेळ वाचतो, पुण्यही पदरी.

तुमच्या पाठीमागे तुमच्या मुलांना मी काही सांगणार नाही. तुमच्या आजारावर तुमचा हक्क आहे आणि तो मला मोडता येत नाही. पण मान डोलावण्याऐवजी मला विचारता आलं असतं, "का सांगायचं नाही?" हल्ली विचारतो. उत्तर साधारण एकच येतं: "त्यांना तिकडे काळजी नको." तुम्ही त्यांची काळजी वाचवत नाही हो, साठवता. मग ती एका रात्रीत व्याजासकट त्यांच्या अंगावर पडते, हजारो मैल दूर, विमानातून उतरल्याउतरल्या.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून दूरदूरचे पेशंट आमच्या भागात उपचाराला येतात. त्याच मिरजेपासून तासाभराच्या आत राहणारा माणूस चार रात्री बसून झोपतो आणि त्याला ध्यान म्हणतो. दवाखाना दूर होता, असं म्हणायची सोय नाही.

"पण डॉक्टर, पंधराच तर दिवस!"

हे उत्तर मला माहीत आहे आणि मी ते हलकं मानत नाही. दोन वर्षांनी पंधरा दिवस मिळतात. पुढच्या वेळी आपण असू की नसू. तेव्हाही गोळ्या, पथ्यं आणि डॉक्टरचं तोंड बघायचं?

एका आजीने मला स्पष्ट सांगितलं होतं, "मला गडावर जायचंय नातवाबरोबर. दम लागेल, माहीत आहे. तरी जायचंय." आम्ही बसून ठरवलं: गोळ्या चालू ठेवायच्या, सकाळची थंडी टाळायची, पायऱ्यांवर दर थोड्या वेळाने टेकायचं, आणि मुलाला आधी सांगायचं की आई दमते. त्या जाऊन आल्या. निम्म्या वाटेत नातवाने त्यांचा हात धरला, हे त्या अजून सांगतात. सगळं माहीत असून केलेली निवड अशी असते, आणि तिच्यापुढे मी हात जोडतो. लपवाछपवीत निवड नसते. तिथे मुलाला ठाऊक नाही, डॉक्टरला ठाऊक नाही, आणि काय पणाला लागलंय हे तुम्हालाही नीट ठाऊक नाही.

आणि एक विचारू? तुम्ही नातवंडांना कुणाची भेट घडवता? सगळं खाणाऱ्या, कधी न दमणाऱ्या, कधी काही न दुखणाऱ्या आजोबांची? ते आजोबा तुम्ही नाहीच. दुपारी तासभर झोपणारे, गोळी घेताना तोंड वाकडं करणारे, "जरा थांब बाळा, दम लागला" म्हणणारे आजोबा त्यांना भेटू द्या. मुलं अशा आजोबांवर कमी प्रेम करत नाहीत. उलट पाण्याचा तांब्या घेऊन धावत येतात.

मग करायचं काय?

पोरं येण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा आणि खरं सांगा. फ्लूची लस घ्या. तिचा असर व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. पासष्टीच्या पुढे असाल तर न्यूमोकोकल लसीबद्दलही विचारा. विमानातून आलेलं मूल शिंकत असेल तर हात धुणं, खिडकी उघडी ठेवणं आणि दोन दिवस गालाऐवजी डोक्यावरून हात फिरवणं, यात प्रेम कमी होत नाही.

लघवीच्या गोळीची वेळ प्रवासासाठी पुढेमागे करता येते. तुमच्या डॉक्टरांना विचारून करा. बंद मात्र करू नका, आणि गाडी थांबवायला सांगायला लाजू नका. हृदय कमजोर असेल तर रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते लाडवांचं नसतं, पाण्याचं असतं. त्याच दिवशी फोन करा.

निरोप द्यायला विमानतळापर्यंत जाऊ नका. रात्रभरचा प्रवास, जेवणाची हेळसांड, आणि परतीच्या वाटेवर रिकामी गाडी. फाटकापाशी निरोप द्या, तो तितकाच खरा असतो.

आणि ती गेल्यावर घर खायला उठेल. आठ-दहा दिवस जेवण गोड लागणार नाही, नातवाचा राहिलेला मोजा सापडला तरी डोळे भरून येतील. हा आजार नव्हे. पण दोन आठवडे उलटूनही झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, जगण्यात राम वाटत नाही असं झालं, तर ते मला किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगा. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. हे दुखणंही लपवायचं नाही.

गुरुजींचं सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी मुलगा-सून पुन्हा आले. या वेळी लॅबऐवजी सगळे मिळून माझ्याकडे आले, नातीसकट. गोळ्यांचा तक्ता तिनेच केला होता, रंगीत पेनांनी, मराठी अक्षरं जरा वाकडी. रोज सकाळी वजन करून ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. महाबळेश्वरच्या वाटेवर गाडी सहा वेळा थांबली म्हणे. आणि रात्री आजोबांच्या खोलीत डोकावून ती उशा मोजायची.

जाताना तिने मला सांगितलं, "रोज एकच होती."